मोठा गेम, छोटा गेम आणि मधली सहा वर्षं

एकाच मालिकेत प्रचंड खर्चाचे गेम आणि आटोपशीर गेम एकमेकांशेजारी कसे उभे राहतात, या विषयावरची पत्रं या वेळी सगळ्यांत जास्त आली. म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. मी प्रॉडक्शनकडची माणूस. कोण किती महिने कुठल्या कामावर असेल आणि त्याला पैसे किती लागतील, हे मांडण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूने येतील.

प्रश्न: ताई, शाळेत असल्यापासून मी एकाच मालिकेचे गेम खेळतोय. पूर्वी दोन-तीन वर्षांत नवा भाग यायचा. आता पाच-सहा वर्षं थांबायचं, आणि मधे एखादा ‘छोटा’ भाग आमच्या हातात ठेवतात. शहर जुनंच, पात्रंही बरीचशी जुनीच. मोठा गेम वेळेत होत नाही म्हणून आमच्याकडून पैसे काढायची ही युक्ती आहे, असं माझं मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?
— एक जुना खेळाडू

उत्तर: वाट बघण्याचा कंटाळा मला समजतो, पण युक्तीचा आरोप मला मान्य नाही. त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

गेमचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसं गुणिले महिने. अमेरिकेतल्या स्टुडिओंमध्ये बरीच वर्षं एक ठोकताळा चालत आला: एका माणसामागे महिन्याला १०,००० डॉलर. त्यात पगार, जागा, मशीन, सॉफ्टवेअर, विमा सगळं आलं. आज हा आकडा तोकडा पडतो, तरी तोच धरू. २०० माणसं पाच वर्षं कामावर असतील तर १२ कोटी डॉलर झाले, आणि यात जाहिरातीचा एक पैसा नाही. प्रत्यक्षात काय होतं ते २०२३ मध्ये उघड झालं. मायक्रोसॉफ्टच्या एका व्यवहारावरून अमेरिकेत खटला चालू होता. त्यात सोनीने दिलेल्या कागदांवरचे आकडे काळ्या पेनने खोडले होते, पण स्कॅनमध्ये ते वाचता येत होते. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१.२ कोटी डॉलर, ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाला २२ कोटी.

आता जमेची बाजू. ७० डॉलरचा गेम विकला की ऑनलाइन स्टोअर साधारण ३० टक्के ठेवून घेतं. पुढे सेल लागतात, किंमत उतरते. सरासरी ४० डॉलर हाती पडतात असं धरलं, तर २१.२ कोटी वसूल व्हायला ५३ लाख प्रती खपाव्या लागतात. जाहिरातीचा खर्च त्याच्यावर. आणि पाच वर्षं फक्त पैसे जात असतात, येणं सगळं शेवटी.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, आणि ती बाहेरून दिसत नाही. गेम बाजारात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टुडिओत काय होतं? पुढचा मोठा गेम तेव्हा फक्त कागदावर असतो. त्या टप्प्याला आम्ही प्री-प्रॉडक्शन म्हणतो. लेखक, डिझायनर, कन्सेप्ट आर्टिस्ट आणि थोडे प्रोग्रॅमर, अशी तीस-चाळीस माणसं तेव्हा पुरतात. गोष्ट ठरत नाही, खेळायची मूळ पद्धत पक्की होत नाही, तोवर बाकीच्यांना द्यायला कामच नसतं. ॲनिमेटर आहेत, लेव्हल बांधणारे आहेत, साउंडवाले आहेत, टेस्टर आहेत. त्यांचे पगार सुरू असतात. माझ्या तक्त्यात त्यांच्या नावांपुढचे महिने रिकामे दिसायचे, आणि तो तक्ता वरच्या मजल्यावर गेला की पहिला प्रश्न यायचा, ‘एवढी माणसं ठेवायची कशाला?’

तिथे दोन वाटा असतात. माणसांना घरी पाठवायचं, दीड-दोन वर्षांनी नव्याने शोधायचं आणि आपलं इंजिन (ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो ते) पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. नाहीतर त्यांना हातात मावेल असं खरंखुरं काम द्यायचं. मालिकेतला छोटा गेम हे ते काम आहे. तुम्हाला मिळालेल्या त्या ‘मधल्या’ गेममुळे कितीतरी जणांची नोकरी टिकलेली असते, आणि पुढचा मोठा भाग तीच तयार माणसं करणार असतात.

जुन्या शहराबद्दल. ‘याकुझा’, म्हणजे आताची ‘लाइक अ ड्रॅगन’ मालिका बघा. तिचं कामुरोचो हे वस्तीएवढं शहर २००५ पासून भागामागून भाग वापरात आहे. दुकानं बदलतात, पाट्या बदलतात, गल्ल्या त्याच. त्यामुळे खेळणाऱ्याला ती जागा ओळखीची होते, आणि करणाऱ्यांना दर वेळी शहर उभारण्यात वर्षं घालवावी लागत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी ‘द मॅन हू इरेज्ड हिज नेम’ हा आटोपशीर भाग ५० डॉलरला काढला. तो सहा महिन्यांत झाल्याचं करणाऱ्यांनीच सांगितलं आहे. दोन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, ‘इन्फिनिट वेल्थ’ हा भलामोठा भाग आला आणि त्यासाठी होनोलुलू नव्याने बांधलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच होनोलुलूत चाच्यांची गोष्ट आली. शहराचा खर्च एकदा झाला आणि त्यावर दोन गेम उभे राहिले. मला हा आजच्या काळातला सगळ्यांत शहाणा कारभार वाटतो.

ही रीत नवीनही नाही. ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ओकारिना ऑफ टाइम’ १९९८ मध्ये आला. त्याचंच इंजिन आणि त्यातलीच कितीतरी पात्रं घेऊन निन्टेन्डोने २००० मध्ये ‘मजोराज मास्क’ काढला. हाताशी वेळ थोडा, जागा थोडी. म्हणून तेच तीन दिवस पुन्हा पुन्हा जगायचे अशी रचना झाली, आणि आज लोक त्या गेमला त्या रचनेसाठीच मानतात. जुनं सामान वापरलं म्हणजे गेम शिळा, हे मला कधीच पटलेलं नाही. त्या जुन्या जागेत नवीन काय करायला मिळतं ते बघा. काहीच मिळत नसेल आणि किंमत मात्र पूर्ण लावली असेल, तर तुमचा राग योग्य आहे आणि तो गेम घेऊ नका.

प्रश्न: छोट्या गेममध्ये धोका कमी असेल, तर २० कोटी डॉलर एका गेमवर लावण्यापेक्षा त्यात वीस छोटे गेम का काढत नाहीत? एक-दोन बुडाले तरी बाकीचे तारतील.
— वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी

उत्तर: कागदावर तुमचा विचार बरोबर आहे. तो करून पाहिला गेला आहे आणि काय झालं तेही आपल्यासमोर आहे.

२०२२ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये स्क्वेअर एनिक्स या जपानी गेम कंपनीने मध्यम आकाराचे गेम एकामागून एक बाजारात आणले. ‘द डायोफील्ड क्रॉनिकल’, ‘व्हल्किरी एलिझियम’, ‘स्टार ओशन’चा नवा भाग, ‘हार्वेस्टेला’, ‘टॅक्टिक्स ओगर’ची नवी आवृत्ती, ‘क्रायसिस कोअर’ची नवी आवृत्ती. यातले बरेचसे एकाच स्वभावाचे, एकाच प्रकारच्या खेळाडूसाठी केलेले. त्या खेळाडूकडे पैसे असतीलही, पण प्रत्येक गेमला तीस-चाळीस तास तो कुठून आणणार? कंपनीचा एक गेम कंपनीच्याच दुसऱ्या गेमचं गिऱ्हाईक खात होता. २०२४ मध्ये कंपनीने तयार होत असलेले काही गेम सोडून दिले, त्यापोटी सुमारे २,२१० कोटी येन तोट्यात दाखवले, आणि यापुढे संख्येपेक्षा दर्जाकडे वळू असं जाहीर केलं.

शिवाय काही खर्च गेमच्या आकाराबरोबर लहान होत नाहीत. दहा भाषांत भाषांतर करायचं तर दहा भाषांतच करावं लागतं. प्रत्येक कन्सोलच्या (गेम खेळायच्या यंत्राच्या) कंपनीची तपासणी पार करावी लागते, वयाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ट्रेलर, स्टोअरचं पान, लॉन्चच्या दिवशी जागं राहणारी माणसं हे सगळं लागतंच. वीस गेम म्हणजे हे वीस वेळा. आणि जाहिरात विभाग एकच असतो. त्याचं लक्ष वीस ठिकाणी वाटलं गेलं की एकाही गेमच्या वाट्याला पुरेसं येत नाही.

मालिकेतल्या छोट्या गेमला यातला एक खर्च हलका पडतो. तुम्हाला नाव आधीच माहीत असतं, ओळख करून द्यावी लागत नाही. पण तेच नाव वर्षात चार वेळा वापरलं तर त्याचं वजन राहत नाही. दोन मोठ्या भागांच्या मधे एक, फार तर दोन. माझा अंदाज एवढ्यावरच थांबतो.

प्रश्न: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’ मला अतिशय आवडला. सगळीकडे कौतुक झालं. तरीही टीम मोडली. मग छोटे गेम चालत नाहीत हेच खरं ना?
— एक निराश चाहता

उत्तर: तो गेम मलाही फार आवडला. टीम मोडल्याची बातमी वाचून मला खरोखर वाईट वाटलं. युबिसॉफ्टच्या माँपेलिए स्टुडिओने तो जानेवारी २०२४ मध्ये आणला. समीक्षकांनी उचलून धरला. खप कंपनीच्या अपेक्षेएवढा झाला नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती टीम आता एकत्र नाही, तिचे लोक दुसऱ्या कामांवर गेलेत, हे स्पष्ट झालं.

पण ‘चालत नाहीत’ म्हणताना आपण कुठल्या मापाने मोजतो? या एका प्रश्नावर मी आयुष्यात सगळ्यांत जास्त बैठका केल्या आहेत.

एका स्टुडिओत (नाव सांगत नाही) आमच्याकडे मालिकेतला एक छोटा भाग होता. हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेते: ४० माणसं, १८ महिने. वरचाच ठोकताळा लावला तर ७२ लाख डॉलर. ४० डॉलर किमतीतून सरासरी २२ हाती आले, तर सव्वातीन लाख प्रतींत खर्च निघतो. पाच लाख खपल्या तर उत्तम, सात लाख खपल्या तर पेढे वाटावेत. प्रत्यक्षात विक्री विभागाने आमच्या गेमचं लक्ष्य ठरवलं ते मालिकेतल्या आधीच्या मोठ्या गेमचा खप बघून. त्याच्या एक तृतीयांश तरी व्हायला हवा, असं म्हणाले. तो एक तृतीयांश कुठून आला, हे कुणालाच सांगता आलं नाही. गेमने आपला खर्च काढला, वर नफाही दिला, आणि अहवालात त्याच्यापुढे ‘अपेक्षेपेक्षा कमी’ असं लिहून आलं. त्या दोन शब्दांमुळे पुढचा छोटा गेम मंजूर झाला नाही.

मोठ्या गेमच्या बाबतीतही हे घडतं. २०१३ चा ‘टूम्ब रेडर’ चार आठवड्यांत ३४ लाख प्रती खपला, तरी प्रकाशकाने तो अपेक्षेपेक्षा कमी भरल्याचं सांगितलं. त्या अपेक्षेमागे निदान खर्चाचा डोंगर होता. छोट्या गेमवर तीच अपेक्षा लादायला तर कुठलंच कारण नसतं.

छोट्या गेमची खरी कमाई त्याच्या एकट्याच्या ओळीत मावतही नाही. तो खेळून कुणी मालिकेचे जुने भाग विकत घेतो, ती रक्कम जुन्या भागांच्या ओळीत जाते. कॅपकॉमसारख्या कंपनीच्या वर्षभरातल्या प्रतींपैकी बहुतांश प्रती जुन्या गेमच्या असतात. म्हणजे नव्या गेमने जुन्या दारात गिऱ्हाईक आणणं हा तिथे मोठा धंदा आहे. ज्या मुलीने छोट्या गेममध्ये पहिल्यांदा टीम सांभाळली, ती पुढच्या मोठ्या गेमची लीड होते. ते कुठल्या रकान्यात लिहिणार? म्हणून माझा आग्रह असतो की हिशेब मालिकेचा मांडा, पाच-सहा वर्षांचा मांडा, आणि छोट्या गेमचं लक्ष्य काम सुरू व्हायच्या आधी त्याच्या स्वतःच्या खर्चावरून लिहून ठेवा. लॉन्चनंतर ठरवलेलं लक्ष्य मी लक्ष्य मानतच नाही.

आणि चालल्याची उदाहरणं हवी असतील तर ‘ॲस्ट्रो बॉट’ घ्या. साठेक माणसांच्या टीमने तीनेक वर्षांत केलेला गेम, २०२४ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरला. त्याआधी त्याच पात्राचा इवलासा गेम २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ बरोबर फुकट येत होता. छोट्यावर छोटं रचत तो तिथवर पोचला.

प्रश्न: मग मोठ्या बजेटचे गेम बंदच व्हावेत, असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर: अजिबात नाही. होनोलुलू कुणालातरी आधी बांधावं लागतं, तेव्हा चाच्यांना तिथे जहाज लावता येतं.

मोठ्या गेमचं काम नवीन इंजिन, नवीन जग, नवीन तंत्र यांचा खर्च उचलणं हे आहे. त्यावर पुढची काही वर्षं सगळं घर चालतं. पण मोठेपणा कशासाठी घ्यायचा, हे ठरलेलं असावं लागतं. ‘रेसिडेंट इव्हिल ६’ हा २०१२ चा गेम पाहा. शेकडो लोक त्यावर राबले. वेगवेगळ्या नायकांच्या वेगवेगळ्या गोष्टी, देशोदेशीची ठिकाणं, स्फोटांवर स्फोट. कॅपकॉमला ७० लाख प्रतींची आशा होती, मार्च २०१३ पर्यंत ४९ लाख गेल्या. (पुढे स्वस्त झाल्यावर तो भरपूर खपला, पण ते वेगळं.) पुढचा मुख्य भाग २०१७ मध्ये आला तो एका घरात शिरून. एक घर, एक कुटुंब, डोळ्यांच्या उंचीवरचा कॅमेरा. सातवा भाग स्वस्तातला होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी पसारा कमी केला आणि वाचलेली ताकद नव्या इंजिनात घातली. ते आरई इंजिन. त्याच्यावर २०१९ मध्ये दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती आणि ‘डेव्हिल मे क्राय ५’, २०२१ मध्ये ‘मॉन्स्टर हंटर राइझ’, २०२३ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ६’ उभे राहिले. सातवा भाग स्वतः काही वर्षांत एक कोटी प्रतींच्या पुढे गेला.

भव्य गेम जास्त खपतो हेही गृहीत धरू नका. निन्टेन्डोच्या ‘वी’ या कन्सोलवर ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ आला २००७ मध्ये. ग्रहागणिक गुरुत्वाकर्षण बदलणारा, डोळे दिपवणारा. तो सुमारे १ कोटी २८ लाख खपला. दोन वर्षांनी त्याच वीवर डावीकडून उजवीकडे धावणारा साधासरळ ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’ आला, तो ३ कोटींच्या वर गेला. घरातल्या चौघांना एकत्र बसून खेळता येत होता, आणि कधीच गेम न खेळलेल्यालाही पहिल्या मिनिटात समजत होता. निन्टेन्डोने त्यानंतरही दोन्ही प्रकार चालू ठेवले, कारण दोन्हींचे खेळाडू वेगळे आहेत.

सगळ्यांनाच मधे छोटा गेम लागतो असंही नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेत २००५ ते २००९ दरम्यान हातात धरायच्या कन्सोलसाठी छोटे भाग निघाले होते. २०१३ मध्ये पाचवा भाग आणि त्याच्यासोबत ऑनलाइन खेळ आला, तेव्हापासून मधली वर्षं त्या ऑनलाइन खेळाने भरून काढली. पाचवा भाग २० कोटी प्रतींच्या पुढे गेला आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ तीन मुख्य स्टुडिओंकडे पाळीपाळीने काम देऊन दर वर्षी मोठाच गेम काढते. एका वेगळ्या खटल्यातल्या कागदांनुसार तिच्या ‘ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर’ या भागावर लॉन्चनंतरच्या कामासकट ७० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला आणि सुमारे ३ कोटी प्रती खपल्या. इतक्या खपाची खात्री असणाऱ्या मालिका जगात मोजक्या आहेत. बाकीच्यांनी त्यांची नक्कल करणं मला धोक्याचं वाटतं.

प्रश्न: मी गेम डिझाइन शिकून नुकताच बाहेर पडलो आहे. एका मोठ्या मालिकेच्या छोट्या भागावर कामाची ऑफर आहे. मित्र म्हणतात, ‘दुय्यम कामावर जाऊ नकोस, मुख्य गेमची वाट बघ.’ काय करू?

उत्तर: जा. मुख्य गेमवर तीनशे जणांत तुमच्या वाट्याला वर्षभर एकाच भागातली दारं आणि शिड्या येऊ शकतात. छोट्या टीममध्ये तुम्ही एक अख्खी लेव्हल कागदावर मांडाल, बांधाल, टेस्टरच्या तक्रारी ऐकाल, त्यातलं निम्मं काढून टाकाल आणि ती खेळाडूंच्या हातात गेलेली बघाल, तेही दीड-दोन वर्षांत. २०१७ चा ‘सोनिक मेनिया’ हा २० डॉलरचा छोटा गेम, हौसेने सोनिकचे गेम बनवणाऱ्या चाहत्यांना सोबत घेऊन केला गेला. त्याच वर्षी आलेल्या मालिकेच्या मोठ्या गेमपेक्षा त्याचंच कौतुक जास्त झालं, आणि करणाऱ्यांची नावं लोकांच्या तोंडी बसली.

सही करण्याआधी मात्र दोन गोष्टी विचारून घ्या. हा भाग मुख्य मालिकेच्याच इंजिनवर होणार आहे का? असेल तर इथे शिकलेलं सगळं पुढच्या मोठ्या गेमवर कामाला येईल. आणि तुमचा करार गेम संपेपर्यंतचा आहे की स्टुडिओतला कायमचा? गेमपुरता असेल तर लॉन्चच्या सहा महिने आधी पुढच्या कामाबद्दल बोलणं होईल, एवढी ओळ त्यात लिहून मागा. मी त्या बाजूला बसलेली असताना ही ओळ मागणारे फार थोडे भेटले, पण ज्यांनी मागितली त्यांना आम्ही ती दिली.